जुन्या ओकचे टेबल : दुरुस्ती किती, जपणूक किती?

इंग्लंडमधील एखाद्या गावाच्या लिलावगृहात तीनशे वर्षांपूर्वीचे ओकचे घडीचे टेबल आज दुकानातील नव्या टेबलापेक्षा कमी किमतीत मिळू शकते. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अशा टेबलांना संग्राहकांमध्ये मोठी मागणी होती. पुढे राहणीमान बदलले, आवडीनिवडी बदलल्या आणि व्यापारी ज्याला ‘ब्राऊन फर्निचर’ म्हणतात, त्या गडद रंगाच्या जुन्या लाकडी सामानाचे भाव घसरले. खरेदीदाराच्या दृष्टीने ही पर्वणी असली, तरी टेबलांच्या दृष्टीने हा कठीण काळ आहे. स्वस्त वस्तूवर प्रयोग करायला कोणी कचरत नाही. पाय कापून बैठे टेबल करणे, वरून निस्तेज पांढरा रंग फासणे, यंत्राने घासून ते ‘नव्यासारखे’ करणे असे प्रकार त्यामुळे सर्रास होतात.

यांपैकी रंग काढता येतो आणि कापलेला पायही नव्या लाकडाने वाढवता येतो. घासून काढलेला पृष्ठभाग मात्र कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. त्यामुळे जुन्या ओकच्या टेबलाबाबत ‘दुरुस्ती कशी करावी’ याइतकाच ‘कुठे थांबावे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी हे लाकूड, ते घडवण्याची रीत आणि त्यावर काळाने केलेले संस्कार समजून घेणे आवश्यक आहे.

लाकडाचा स्वभाव

इंग्लंडमध्ये ओकच्या दोन देशी जाती आहेत. क्वेर्कस रोबर या जातीची फळे लांब देठावर येतात, तर क्वेर्कस पेट्रिआची फळे जवळजवळ बिनदेठाची असतात. दोन्हींचे लाकूड जड, चिवट आणि टिकाऊ असते. अडीच मीटर लांब, ऐंशी सेंटीमीटर रुंद आणि पाच सेंटीमीटर जाड अशा टेबलाच्या नुसत्या वरच्या फळीचे वजन सुमारे ७० किलो भरते.

ओकच्या खोडात गाभ्यापासून सालीकडे जाणारे रुंद मज्जाकिरण असतात. या किरणांच्या दिशेने लाकूड फाडले किंवा चिरले, तर फळीवर चंदेरी पट्टे चमकू लागतात. हे पट्टे जुन्या ओकची ओळखच मानले जातात. पण पूर्वीचे कारागीर लाकूड असे फाडत ते केवळ सौंदर्यासाठी नव्हे. लाकूड सुकताना वार्षिक वलयांच्या दिशेने जेवढे आक्रसते, त्याच्या सुमारे निम्मेच ते किरणांच्या दिशेने आक्रसते. साहजिकच अशी फळी कमी वाकते आणि कमी तडकते.

दुसरा गुणधर्म टॅनिनचा. ओकच्या लाकडात हे द्रव्य भरपूर असते आणि ओलाव्याच्या सान्निध्यात लोखंडाशी त्याचा संयोग झाला, की निळसर काळा डाग उमटतो. ओकवरच्या गाठींतील टॅनिन आणि लोहक्षार यांपासूनच युरोपात शतकानुशतके लिहिण्याची काळी शाई बनवली जाई. जुन्या टेबलावर खिळ्यांभोवती दिसणारी काळी वर्तुळे ही त्याच रसायनाची करामत होय. पुढे दुरुस्तीच्या वेळी हा एक मुद्दा विसरल्याने किती नुकसान होते, ते ओघाने येईलच.

नवीन कापलेल्या ओकचा रंग फिकट, मधासारखा असतो. ट्यूडर काळातील घरांत नवी टेबले अशीच उजळ दिसत. ‘जुने ओक म्हणजे काळेकुट्ट’ ही समजूत बरीचशी एकोणिसाव्या शतकातील आहे. त्या काळी प्राचीनतेचा आभास निर्माण करण्यासाठी ओकवर गडद रंग चढवण्याची रीत रूढ झाली. अमोनियाच्या वाफेत ठेवून टॅनिनच्या साह्याने लाकूड गडद करण्याची पद्धतही पुढे प्रचारात आली.

फळीपासून टेबलापर्यंत

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये टेबल ही कायम जागेवर असणारी वस्तू नव्हती. घोड्यांवर, म्हणजे लाकडी तिवयांवर लांब फळ्या टाकून पंगत बसे आणि जेवण उरकले की फळ्या भिंतीशी उभ्या केल्या जात. केंट परगण्यातील पेन्सहर्स्ट प्लेस या वाड्याच्या भव्य दालनात अशी दुर्मीळ मध्ययुगीन टेबले आजही पाहायला मिळतात. या फळीलाच इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणत. फळीवर मिळणारे जेवण म्हणूनही तोच शब्द रूढ झाला आणि फळीभोवती बसणाऱ्या कारभाऱ्यांचे मंडळही ‘बोर्ड’च ठरले. मराठी मुलखातील गावोगावच्या ‘बोर्डिंग-लॉजिंग’च्या पाट्यांवर त्या ओकच्या फळीची आठवण नकळत टिकून आहे.

इंग्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध ओकचे टेबल विंचेस्टरच्या ग्रेट हॉलमध्ये भिंतीवर टांगलेले आहे. साडेपाच मीटर व्यासाचे आणि सुमारे १२०० किलो वजनाचे हे वर्तुळाकार टेबल राजा आर्थरचेच, असा शतकानुशतके समज होता. १९७६ मध्ये ते खाली उतरवून तपासण्यात आले. लाकडातील वलये, किरणोत्सारी कार्बन आणि सुतारकामाची पद्धत या तिन्हींवरून ते तेराव्या शतकातील असल्याचे दिसून आले. त्यावरचे रंगकाम आठव्या हेन्रीच्या काळातील आहे. दंतकथा लोपली, पण टेबलाचे महत्त्व कमी झाले नाही. उलट, लाकूड स्वतःच आपली साक्ष देऊ शकते हे त्यातून ठळक झाले.

सोळाव्या शतकात चौकटीत कायमचे बसवलेले टेबल आले. खाच आणि कुसू यांचा सांधा, ज्याला मॉर्टिस-टेनन म्हणतात, हा त्याचा प्राण. हे काम करणाऱ्यांना ‘जॉइनर’ म्हणत. लंडनमध्ये त्यांच्या संघाला १५७१ मध्ये राजसनद मिळाली. सुतार आणि जॉइनर यांच्यातील कामाच्या वाटणीचा तंटा इतका चिघळला, की १६३२ मध्ये नगरपालांच्या न्यायसभेला निवाडा करावा लागला. कुसवाचे सांधे असलेले सामान जॉइनरांचे आणि फळ्या खिळ्यांनी ठोकून केलेले सामान सुतारांचे, असा त्याचा आशय होता.

सांध्याची युक्ती मोठी चतुर होती. कुसवातील भोक खाचेच्या भोकापेक्षा किंचित मागे पाडले जाई. त्यातून सुक्या ओकची निमुळती खुंटी ठोकली, की ती कुसवाला आत ओढून घेई. चौकटीचे लाकूड बहुधा ओलसर असे. ते सुकत जाई तसा सांधा खुंटीला आणखी घट्ट धरी. सरसाचा थेंबही न वापरता केलेले असे सांधे चारशे वर्षांनंतरही न हलता उभे आहेत.

एलिझाबेथच्या काळात टेबलाला झाकणासह पेल्याच्या आकाराचे फुगीर कातीव पाय आले. खालून फळ्या ओढून लांबी वाढवता येणारी टेबलेही त्याच सुमारास घडू लागली. सतराव्या शतकात श्रीमंत कुटुंबे मोठ्या दालनातील सामाईक पंगत सोडून लहान खोलीत जेवू लागली. तेव्हा फाटकासारखा फिरणारा पाय आणि दुमडणारी पाने असलेले ‘गेटलेग’ टेबल लोकप्रिय झाले. १६६० नंतर उच्चभ्रूंच्या घरात अक्रोडाचे लाकूड शिरले. १७२१ मध्ये वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील जकात उठल्यावर महोगनीने बाजी मारली. खेड्यापाड्यांतील घरे, शेतवाडे आणि खानावळी येथे मात्र ओकचीच टेबले होत राहिली. त्यामुळे केवळ घडणीवरून एखाद्या ग्रामीण टेबलाचे वय सांगणे जाणकारांनाही अवघड जाते.

ओकची टंचाई आणि मुंबईचे सागवान

ओकला टेबलापेक्षा मोठा गिऱ्हाईक होता तो म्हणजे ब्रिटिश आरमार. ‘व्हिक्टरी’ या एकाच युद्धनौकेसाठी सुमारे सहा हजार झाडे लागली आणि त्यांतील बहुतेक ओकची होती, असे सांगितले जाते. नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात चांगल्या ओकची इतकी चणचण भासू लागली, की आरमाराने जहाजे बांधण्यासाठी मुंबईकडे मोर्चा वळवला. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानाच्या युद्धनौका बांधल्या गेल्या. त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही नौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. सागवानाचा आणखी एक फायदा होता. ओकमधील आम्लांमुळे लोखंडी खिळे लवकर गंजत. सागवानात तसे होत नसे.

‘हे टेबल जुन्या जहाजाच्या ओकपासून बनवले आहे’ असा दावा विक्रेते हौसेने करतात. बहुतेक वेळा त्याला कसलाच आधार नसतो. ज्याला पुरावा आहे असे टेबल अमेरिकी अध्यक्षांच्या वापरात आहे. ‘रेझोल्यूट’ हे ब्रिटिश जहाज १८५४ मध्ये उत्तर ध्रुवाकडील बर्फात सोडून द्यावे लागले. ते पुढे अमेरिकी देवमासेमाऱ्यांना सापडले आणि अमेरिकेने ते १८५६ मध्ये ब्रिटनला परत केले. जहाज मोडीत निघाल्यावर राणी व्हिक्टोरियाने त्याच्या ओकचे लिहिण्याचे टेबल करवून घेतले आणि १८८० मध्ये ते अध्यक्ष हेस यांना भेट दिले. त्यावर हा इतिहास सांगणारा धातूचा पत्रा बसवलेला आहे. असा कागदोपत्री पुरावा नसेल, तर जहाजाची गोष्ट केवळ गोष्ट म्हणूनच ऐकावी.

खरे काय, जोडलेले काय?

टेबल पाहताना नवखा माणूस वरचा भाग निरखतो, तर जाणकार आधी ते उलटे करून पाहतो. टेबलाचा खालचा भाग सहसा कोणी रंगवत वा पॉलिश करत नाही, त्यामुळे तेथे हत्यारांच्या खुणा टिकून राहतात. हाताच्या मोठ्या करवतीने चिरलेल्या फळीवर सरळ पण कमीअधिक अंतराच्या रेषा असतात. वाकसाने तासलेल्या भागावर उथळ खळगे जाणवतात. अर्धवर्तुळाकार रेषा दिसल्या, तर ती फळी गोल पात्याच्या यांत्रिक करवतीने चिरलेली, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातील किंवा त्यानंतरची समजावी.

लाकडाचे आक्रसणेही बोलके असते. मुळात वर्तुळाकार असलेले टेबल फळ्यांच्या रुंदीत आक्रसल्याने कालांतराने किंचित लंबवर्तुळाकार होते. शंभर-दोनशे वर्षांनंतरही जे अचूक वर्तुळ राहिले आहे, त्याविषयी शंका घ्यावी. सांध्यांतील खुंट्या हाताने तासलेल्या, किंचित कोनाकृती असतात आणि भोवतालचे लाकूड आक्रसल्याने थोड्या बाहेर आलेल्या असतात.

झीज जेथे व्हायला हवी तेथेच झाली आहे का, हे तपासणे अगत्याचे. इंग्लंडमधील जुन्या घरांत दगडी, ओल्या फरशीवर पाय ठेवण्याऐवजी माणसे ते टेबलाच्या खालच्या आडव्या पट्टीवर टेकवीत. त्यामुळे ही पट्टी मधोमध, आणि तीही वरच्या बाजूने, गुळगुळीत झिजलेली असते. सगळीकडे सारखी झीज दिसली, तर ती साखळीने वा रंध्याने मुद्दाम केलेली असण्याचा संभव असतो. ओल्या फरशीमुळे पायांची टोके कुजत आणि कुजलेला भाग कापून नवे तुकडे जोडले जात. अशी जुनी जोड हा दोष मानला जात नाही. ती टेबलाच्या आयुष्यातील घटना असते. एका टेबलाची फळी आणि दुसऱ्याची चौकट एकत्र आणलेली असली, की व्यापारी त्याला ‘विवाह’ म्हणतात. असे टेबल वापरायला हरकत नसते, पण त्याची किंमत अखंड टेबलाएवढी देऊ नये.

नावांचाही भुलावा असतो. लांब टेबलांना सरसकट ‘रिफेक्टरी’, म्हणजे मठातील भोजनगृहाचे टेबल, म्हटले जाते. इंग्लंडमधील मठ १५३६ ते १५४० या काळात बंद करण्यात आले, आणि आज या नावाने विकली जाणारी बहुतेक टेबले त्यानंतरची, घरे आणि सभागृहे यांसाठी घडवलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवर जुन्या कोरीव तुकड्यांपासून ‘प्राचीन’ सामान जुळवण्याचा धंदा इतका फोफावला होता, की त्या रस्त्याचे नावच बनावटपणाचे पर्यायी नाव झाले.

पृष्ठभाग हाच दस्तऐवज

जुन्या लाकडाच्या पृष्ठभागावर काळाने चढलेल्या झळाळीला ‘पॅटिना’ म्हणतात. उजेडाने आणि हवेने लाकडाचा बदललेला रंग, तेल आणि मेणाचे थर, धूळ, धूर, हातांचा स्निग्धपणा, कपड्यांचे घर्षण, भांड्यांचे ओरखडे यांचे ते मिश्रण असते. त्याची जाडी एका मिलिमीटरहूनही कमी, पण ती तयार व्हायला पिढ्या जाव्या लागतात. टेबलावर कोण बसले, ते कसे वापरले गेले, याची नोंद असलेला तो एकमेव दस्तऐवज होय.

यंत्राने घासल्यास हा थर काही मिनिटांत नाहीसा होतो आणि खालचे फिकट लाकूड उघडे पडते. त्यावर रंग चढवला तरी तो एकसुरी दिसतो, कारण उंचवट्यांवर उजळ आणि खाचांत गडद अशी नैसर्गिक छटा रंगाने साधत नाही. बाजारातील किंमत घटते, हा तोटा तुलनेने लहान. त्या टेबलाचे वय आणि खरेपणा तपासण्याची साधनेच त्यामुळे नष्ट होतात, हा खरा तोटा.

हा वाद इमारतींच्या बाबतीत आधी झाला. व्हिक्टोरियन काळात जुन्या चर्चच्या भिंती खरवडून त्यांना ‘मूळ रूप’ देण्याची लाट आली होती. तिच्याविरोधात विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. खरवडण्याला विरोध म्हणून तिला ‘अँटी-स्क्रेप’ असे टोपणनाव पडले. वास्तू पडू नये इतकी डागडुजी करावी, पण तिचे वय पुसू नये, ही तिची भूमिका होती. जुन्या लाकडी सामानाच्या जतनातही आज हेच तत्त्व मान्य झाले आहे. आवश्यक तेवढाच हस्तक्षेप करावा आणि जो करावा तो पुढे उलटवता येईल असा असावा.

सफाई आणि डागडुजी

सफाईची सुरुवात मऊ ब्रशने धूळ झटकण्यापासून करावी. मळ जास्त असल्यास कोमट पाण्यात सौम्य साबणाचे काही थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या सुती कापडाने थोडा थोडा भाग पुसावा आणि लगेच कोरडा करावा. जुन्या मेणाचे चिकट थर व्हाइट स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने सैल होतात. हे काम करताना खिडक्या उघड्या आणि विस्तव दूर असावा. कोणताही उपाय आधी टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी करून पाहावा.

कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टेबल बुडवून रंग काढण्याची पद्धत ओकला घातक आहे. तिच्यामुळे तंतू फुगतात, लाकूड काळपट होते आणि सरसाचे सांधे सुटतात. तारेची घासणी किंवा स्टील वूल वापरण्याचा मोहही टाळावा. तिचे सूक्ष्म लोखंडी कण लाकडाच्या रंध्रांत अडकतात आणि पुढे ओलावा लागला, की टॅनिनशी त्यांचा संयोग होऊन सगळ्या फळीवर काळे ठिपके उमटतात.

डागांचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. गरम वा ओल्या भांड्याचे पांढरे वर्तुळ बहुधा पॉलिशच्या थरात अडकलेल्या ओलाव्याचे असते. काही आठवडे वाट पाहिल्यास आणि मेणाचा हलका हात फिरवल्यास ते बऱ्याचदा पुसट होते. काळे वर्तुळ मात्र लाकडात उतरलेले असते. ते ऑक्झॅलिक आम्लाने फिकट करता येते. पण हे आम्ल विषारी आहे आणि सभोवतालचा रंगही उडवते. त्यामुळे ते काम तज्ज्ञाकडे सोपवावे किंवा डाग राहू द्यावा. दोनशे वर्षांपूर्वीच्या शाईचा डाग काढून कोणाचेच भले होत नाही.

अनेक जुन्या टेबलांवर एकोणिसाव्या शतकात ‘फ्रेंच पॉलिश’ चढवले गेले. हे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ही लाख मुख्यतः भारतातून जाई आणि महाराष्ट्रातील सुतारांनाही चपडा म्हणून ती परिचित आहे. अल्कोहोलने ती विरघळत असल्याने सांडलेले मद्य, अत्तर किंवा हात निर्जंतुक करण्याचे द्रावण अशा टेबलावर क्षणात डाग पाडते.

सांधा सैल झाला असेल, तर आधी तो सरसाने जोडलेला आहे की केवळ खुंटीने धरलेला, हे पाहावे. तुटलेली खुंटी बदलायची तर नवी खुंटी ओकचीच, दोऱ्याच्या दिशेने फाडलेली आणि पूर्ण सुकलेली असावी. लोखंडी स्क्रू मारू नयेत; ते गंजतात, डाग पाडतात आणि लाकूड फोडतात. चिकटवायचेच असेल तर जनावरांच्या चामड्यापासून बनवलेला पारंपरिक सरस सर्वांत योग्य. उष्णता आणि ओलावा देऊन तो पुन्हा सोडवता येतो. आधुनिक इपॉक्सी घट्ट बसते खरे, पण पुढील दुरुस्तीच्या वेळी सांध्याऐवजी लाकूडच तुटते.

फळीला गेलेल्या तड्याबाबतही घाई नको. अनेक टेबलांच्या दोन्ही टोकांना आडवी पट्टी बसवलेली असते. फळ्या रुंदीत आक्रसतात, आडवी पट्टी मात्र लांबीत आक्रसत नाही. ओढाताणीत फळी मध्ये तडकते. हा तडा ऋतुमानाप्रमाणे किंचित उघडतो आणि मिटतो. त्यात कडक लांबी भरल्यास दमट हवेत फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाही आणि ती दुसरीकडे फाटते. तडा स्थिर असेल, तर तो तसाच ठेवावा. फार रुंद असेल, तर ओकची पातळ चीप एकाच बाजूने चिकटवून बसवावी. मोडलेला पाय, सुटलेली चौकट किंवा मोठी कूज यांसाठी जाणत्या कारागिराकडेच जावे. ब्रिटनमध्ये अशा कारागिरांची संघटना १९७९ पासून कार्यरत असून ती ‘बाफ्रा’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते.

भोके जुनी की कीड जिवंत?

एक ते दोन मिलिमीटरची गोल भोके ही फर्निचर बीटल या भुंगेऱ्याची खूण. त्याची अळी लाकडात तीन ते पाच वर्षे राहते आणि भुंगेरा उन्हाळ्यात भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे भोक दिसते तेव्हा तो कीटक निघून गेलेला असतो. कीड जिवंत आहे की नाही, हे भोकांच्या संख्येवरून कळत नाही. ताज्या भोकाची कड स्वच्छ आणि आतून फिकट असते, तसेच खाली पिठासारखी भुकटी पडते. टेबलाखाली काळा कागद पसरून एक उन्हाळा लक्ष ठेवले, तर उत्तर मिळते.

हा भुंगेरा मुख्यतः सालीलगतचे कोवळे लाकूड खातो; कोरडा, कठीण गाभा त्याला सहसा मानवत नाही. घर कोरडे ठेवणे हा म्हणूनच पहिला उपाय. कीड जिवंतच असेल, तर संग्रहालयांत वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे ३० अंश सेल्सिअसला सुमारे तीन दिवस गोठवतात. घरी परमेथ्रिनयुक्त औषध भोकांत भरता येते. डोके आपटून टकटक आवाज करणारा ‘डेथवॉच’ भुंगेरा इंग्लंडमध्ये मृत्यूची चाहूल मानला जाई. प्रत्यक्षात ती जोडीदाराला घातलेली साद असते, आणि हा कीटक टेबलांपेक्षा इमारतींच्या ओल्या, कुजक्या तुळयांत आढळतो.

रोजच्या सहवासात

ओकचे टेबल वापरण्यासाठीच घडवलेले असते आणि वापरातच ते चांगले राहते. त्याचा सर्वांत मोठा शत्रू हवेतील आर्द्रतेचा चढउतार हा होय. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेली आणि लाकडाने ती पुरती शोषली, तर एक मीटर रुंदीची ओकची फळी, ती कशी चिरली आहे यानुसार, दीड ते अडीच सेंटीमीटर फुगू शकते. इंग्लंडमध्ये घरोघरी सेंट्रल हीटिंग आल्यावर याच्या उलट घडले. शतकानुशतके थंड, दमट खोल्यांत राहिलेली टेबले हिवाळ्यातील कोरड्या गरम हवेत तडकू लागली. नॅशनल ट्रस्टच्या अनेक ऐतिहासिक घरांत आता तापमानाऐवजी आर्द्रतेवर लक्ष ठेवून खोल्या उबदार केल्या जातात. घरगुती वापरात आर्द्रता साधारण ५० ते ६० टक्के राखावी आणि टेबल रेडिएटर, शेगडी व थेट उन्हापासून दूर ठेवावे. परदेशातून असे टेबल मुंबई-कोकणात आणणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार आधी करावा. त्याला भिंतीपासून सुटे ठेवावे, पायांना फरशीची ओल लागू देऊ नये आणि वाळवीसाठी नियमित पाहणी करावी.

मेण वर्षातून एकदोनदा पुरते. मधमाश्यांचे मेण असलेली चांगली लुकणी अगदी पातळ लावावी, थोड्या वेळाने सुती कापडाने भरपूर घोटावी. झळाळी मेणाच्या जाडीने येत नाही, घोटण्याने येते. सिलिकॉनयुक्त फवारे वापरू नयेत. त्यांच्यामुळे पुढे कोणताही लेप नीट बसत नाही. जवसाचे तेल वारंवार चोळल्यास पृष्ठभाग काळा आणि चिकट होतो. शिवाय तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून टाकाव्यात.

गरम भांड्याखाली आसन, फुलदाणीखाली ताटली आणि लोखंडी वस्तूंखाली जाड कापड असावे. टेबल हलवताना फळीला धरून उचलू नये, तसेच ते ओढू नये. चौकटीला धरून दोघांनी वा चौघांनी उचलावे. गेटलेग टेबलाचा पाय फिरवताना आधी पान हाताने वर घ्यावे, नाही तर बिजागरीवर भार येतो. ओकमधून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी शिसे आणि शंख-शिंपले खराब होतात. त्यामुळे शिशाची पदके किंवा शिंपल्यांचा संग्रह ओकच्या खणात ठेवू नये.

एक शेवटची पण महत्त्वाची सूचना म्हणजे नोंद ठेवणे. टेबल कोठून आले, कोणता भाग कधी बदलला, कोणते मेण वा सरस वापरला, हे छायाचित्रांसह लिहून त्याचा कागद टेबलासोबत ठेवावा. नवीन लाकूड बसवले असेल, तर त्याच्या खालच्या बाजूला वर्ष लिहावे. तीनशे वर्षे टिकलेले टेबल सध्याच्या मालकानंतरही कोणाच्या तरी घरात जाणार आहे. त्या वेळी जुने कोणते आणि जोडलेले कोणते, हे पुढच्या माणसाला ओळखता आले, तर दुरुस्ती नीट झाली असे म्हणता येईल.